पाणावलेला डोळा आणि हाडात शिरलेली दाढ : एका पाळीव चिंचिलाचे प्रकरण

पार्श्वभूमी

या प्रकरणातला प्राणी म्हणजे सहा वर्षांचा नर चिंचिला. चिंचिला हा उंदीर-खारीसारखा कुरतडणारा, दाट लोकरीचा छोटा प्राणी. एकाच वेताचा त्याचा भाऊ त्याच पिंजऱ्यात राहत होता. दोघांना मिळून पेलेटचे, म्हणजे दाबून केलेल्या कोरड्या खाद्यगोळ्यांचे, एकच भांडे होते आणि ते कधी रिकामे होऊ दिले जात नसे. वाळलेले गवत जाळीत ठेवलेले असे, पण ते तीन-चार दिवसांनी बदलले जाई. दोघेही त्यातली मऊ पाती वेचून खात आणि जाड काड्या तशाच टाकत. रोज एखाद-दुसरा मनुका ठरलेला. चिंचिला बारीक धुळीत लोळून लोकर स्वच्छ ठेवतो. त्या धूळस्नानाचे भांडे रात्रंदिवस पिंजऱ्यातच असे.

पालकांना यात काही वावगे वाटले नव्हते, कारण दोन्ही प्राणी वर्षानुवर्षे टुणटुणीत दिसत होते. चिंचिलाच्या बाबतीत अडचण इथेच आहे. शिकार होणारा प्राणी दुखणे लपवतो. त्यात याच्या अंगावरची लोकर इतकी दाट, की आतली हाडे वर आली तरी बाहेरून कळत नाही. शंभर ग्रॅम उतरलेला चिंचिला आणि धडधाकट चिंचिला नुसत्या नजरेला सारखेच गुबगुबीत दिसतात.

पुढचा घटनाक्रम समजायचा तर दातांची रचना थोडी माहीत हवी. चिंचिलाला वीस दात असतात. पुढे पटाशीचे चार आणि मागे प्रत्येक अर्ध्या जबड्यात चार, अशा सोळा दाढा. पटाशीचे दात जन्मभर वाढतात हे बहुतेक पालकांना ठाऊक असते. दाढाही तशाच जन्मभर वाढतात, हे मात्र फार थोड्यांना माहीत असते. त्यांची मुळे कधीच बंद होत नाहीत. अँडीज पर्वताच्या कोरड्या उतारांवर हा प्राणी राठ, तंतुमय वनस्पती तासन्‌तास रवंथ केल्यासारखा चघळतो, आणि वाढ व झीज यांचा मेळ बसतो. पेलेट दोन-चार चाव्यांत भुगा होते. त्यात दाढा एकमेकींवर आडव्या घासल्या जात नाहीत, फक्त उभ्या दाबल्या जातात. झीज थांबते, वाढ चालूच राहते. तोंडात समोरच्या दाढेने वाट अडवली की दाढ उलट्या दिशेने, हाडात सरकू लागते. खालची दाढ जबड्याच्या तळाकडे जाते आणि वरची डोळ्याच्या खोबणीकडे. डोळ्यातले पाणी नाकात नेणारी अश्रुनलिका नेमकी याच वाटेवर आहे.

समस्या : एक ओला डोळा

पहिल्या दिवशी पालकांना दिसले ते एवढेच, की डाव्या डोळ्याखालची लोकर ओली आहे. स्राव पाण्यासारखा स्वच्छ होता, पू नव्हता. प्राणी डोळा किंचित मिटून बसत होता आणि पुढच्या पंजाने चोळत होता. खाणे "नेहमीसारखे" असल्याचे सांगितले गेले. पण एका भांड्यात दोघे खात असतील तर कोण किती खातो हे सांगता येत नाही. लेंड्यांचेही तेच. पिंजऱ्याच्या तळाशी पडलेल्या दोनशे लेंड्यांपैकी कोणाच्या किती, हे कोण ओळखणार?

पहिल्या पशुवैद्यांनी डोळ्याची तपासणी नीट केली. फ्लुओरेसिन या रंगाचा थेंब टाकून निळ्या प्रकाशात पाहिले, तेव्हा कॉर्नियाच्या, म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याच्या, खालच्या कडेला मोहरीएवढा हिरवा ठिपका उजळला. म्हणजे तिथे व्रण होता. त्यांनी स्टेरॉइड नसलेले प्रतिजैविकाचे थेंब दिवसातून चार वेळा सांगितले आणि धूळस्नान बंद केले. दोन्ही गोष्टी बरोबर होत्या. कॉर्नियावर व्रण असताना स्टेरॉइडचे थेंब गेले तर व्रण खोल जाऊन डोळा फुटू शकतो, म्हणून रंग टाकून पाहिल्याशिवाय घरातले जुने थेंब कधीही वापरू नयेत.

पटाशीचे दातही पाहिले गेले. ते सरळ होते आणि रंगाने नारिंगी-पिवळे, म्हणजे चिंचिलात असायला हवेत तसेच. कागदावर "दात ठीक" अशी नोंद झाली आणि वजन लिहिले गेले : ५६२ ग्रॅम.

पहिला निर्णय आणि त्यातली फट

चिंचिलाचे तोंड फार कमी उघडते, गालाच्या आतल्या घड्या मध्ये येतात, आणि दाढा बऱ्याच मागे असतात. ओठ मागे सारून पटाशीचे दात पाहिले म्हणजे घराचा दरवाजा पाहिला, घर नव्हे. शिवाय या प्राण्यात रोग बहुधा दाढांपासून सुरू होतो. दाढा लांबून तोंड नीट मिटेनासे झाले की मग पटाशीचे दात वाकडे होतात. "दात ठीक" हा शेरा प्रत्यक्षात वीसपैकी चार दातांपुरता होता.

दुसरी फट वजनाची. त्याच दवाखान्यात वर्षभरापूर्वी झालेल्या तपासणीच्या कागदावर ६१० ग्रॅम लिहिलेले होते. त्या तुलनेत ५६२ म्हणजे जवळपास आठ टक्के घट. तो कागद फायलीत होता, पण दोन आकडे शेजारी ठेवले गेले नाहीत. चिंचिलाचे वजन साधारण चारशे ते सहाशे ग्रॅम असते, माद्या त्याहून मोठ्या असू शकतात. त्यामुळे ५६२ हा आकडा एकटा पाहिला तर उत्तम वाटतो. प्राण्याचे वजन त्याच्याच जुन्या वजनाशी ताडायचे असते, पुस्तकातल्या सरासरीशी नाही.

तिसरी गोष्ट जरा सूक्ष्म आहे. व्रण सापडला, म्हणून शोध तिथेच थांबला. धुळीचा कण गेला, खरचटले, पाणी आले, अशी सोपी गोष्ट तयार झाली आणि ती पटण्यासारखीही होती. व्रणामुळे डोळा पाणावतो हे खरेच. पण आधीच पाणावलेला डोळा पंजाने चोळूनही व्रण होतो, आणि ओल्या डोळ्याला धूळ जास्त चिकटते. कारण कोणते आणि परिणाम कोणता, हे त्या हिरव्या ठिपक्यावरून ठरत नव्हते.

आठव्या दिवशी पुन्हा रंग टाकला. ठिपका गेला होता, व्रण भरला होता. डोळा मात्र पहिल्याइतकाच ओला. या प्रकरणातला सर्वात महत्त्वाचा क्षण हाच होता. दिलेले कारण नाहीसे झाले आणि लक्षण तसेच राहिले, तर कारण चुकले आहे किंवा अपुरे आहे. इथे अर्थ असा लावला गेला की जंतुसंसर्ग शिल्लक असेल. थेंब बदलले आणि आणखी दहा दिवस दिले गेले.

संसर्गाची शंका अगदीच निराधार नव्हती. चिंचिलात स्यूडोमोनास जिवाणूमुळे डोळे येतात. पण तेव्हा स्राव सहसा घट्ट, पिवळसर किंवा हिरवट असतो, पापण्या चिकटतात, आतला पडदा लाल होऊन सुजतो. इथे डोळा पांढरा होता आणि स्राव पाण्यासारखा. एका बाजूचा, स्वच्छ आणि थेंबांना दाद न देणारा पाझर दिसला की अश्रुनलिकेचा विचार आधी करायचा. अश्रू मोजण्याची कागदी पट्टी या प्राण्यात फारशी कामाची नाही. निरोगी चिंचिलातही ती मिनिटाला जेमतेम मिलिमीटरभर ओली होते.

याच सुमारास एक संकट थोडक्यात टळले. घरात दुसऱ्या प्राण्यासाठी आणलेले अमॉक्सिसिलिनचे सिरप शिल्लक होते. ते तोंडावाटे द्यायचा विचार झाला होता, पण आधी फोन करून विचारले गेले. पेनिसिलिन गटातली औषधे, तसेच क्लिंडामायसिन, लिंकोमायसिन आणि एरिथ्रोमायसिन ही चिंचिलाला तोंडावाटे देऊ नयेत. ती आतड्यातले उपयोगी जिवाणू मारतात, क्लॉस्ट्रिडियम या घातक जिवाणूला रान मोकळे मिळते आणि त्याच्या विषाने प्राणी काही दिवसांत दगावू शकतो.

वजनकाट्याने दिशा बदलली

बाराव्या दिवशी पालकांनी एक ग्रॅमपर्यंत अचूक दाखवणारा स्वयंपाकघरातला काटा घेतला. पद्धत साधी ठेवली. एक उंच डबा काट्यावर ठेवून शून्य करायचे, प्राण्याला स्वतःहून डब्यात शिरू द्यायचे, आणि रोज संध्याकाळी खाणे घालण्यापूर्वी त्याच वेळी आकडा लिहायचा. पहिल्याच दिवशी ५४७ आले. एकोणिसाव्या दिवशी ५२६. वर्षभरापूर्वीच्या वजनातून आता ८४ ग्रॅम, म्हणजे सुमारे चौदा टक्के कमी झाले होते.

आकडे घसरताना दिसले, तेव्हा बाकीच्या खुणाही दिसू लागल्या. खरे तर त्या आधीपासून होत्या. प्राणी भांड्याकडे उत्साहाने धावत येई, पेलेट उचले, एकदा-दोनदा चावे आणि टाकून देई. "खायला येतो" आणि "खातो" यांतला फरक पालकांना इथे कळला. भूक शाबूत होती, चावणे जमत नव्हते. गवताच्या काड्यांना तो तोंड लावत नव्हता. हनुवटीखाली लोकरीच्या ओल्या बटा झाल्या होत्या आणि पुढच्या पंजांची आतली बाजू लाळेने चिकटलेली होती. भावाला तीन तास वेगळे ठेवून लेंड्या पाहिल्या, तर याच्या लहान, कोरड्या आणि निम्म्याहून कमी होत्या.

खालच्या जबड्याच्या कडेवरून बोट हळू फिरवल्यावर डाव्या बाजूला दोन टेंगळे लागली आणि उजवीकडे एक. निरोगी चिंचिलात ही कड गुळगुळीत असते. ही तपासणी घरी महिन्यातून एकदा कोणालाही करता येते, अर्धे मिनिट पुरते. मात्र प्राण्याला लोकरीने पकडायचे नाही. घाबरलेला चिंचिला लोकरीचा पुंजका हातात सोडून निसटतो आणि ती जागा भरून यायला काही महिने लागतात.

विचारात घेतलेले पर्याय

एकोणिसाव्या दिवशी प्रकरण कृंतक (कुरतडणाऱ्या) प्राण्यांच्या दातांचा अनुभव असलेल्या दुसऱ्या पशुवैद्यांकडे गेले. तिथे चार वाटांवर चर्चा झाली.

पहिली वाट म्हणजे जाग्या अवस्थेत कानाच्या दुर्बिणीने तोंडात पाहायचे आणि वेदनाशामक देऊन वाट बघायची. यात धोका सर्वात कमी, पण माहितीही सर्वात कमी. जाग्या प्राण्यात दाढांचे बरेचसे दोष निसटतात. इथे एका दाढेचा काटा, म्हणजे न झिजता वाढलेले टोक, दिसला, तेवढ्यावर थांबता आले असते. पण तोंडातला काटा दिसला म्हणून हाडातले मूळ दिसत नाही.

दुसरी वाट, त्याच दिवशी भूल देऊन सगळे एकदम उरकायचे. पालकांचा कल इकडे होता, कारण आधीच तीन आठवडे गेले होते. पण प्राण्याचे आतडे मंदावलेले होते, अंगात पाणी कमी होते आणि गुदद्वाराचे तापमान ३५.९ अंश सेल्सिअस होते. ते साधारण ३७ च्या आसपास असायला हवे. अशा प्राण्याला भूल दिली तर दात दुरुस्त होतात, पण प्राणी टेबलावरच दगावू शकतो.

तिसरी वाट सीटी स्कॅनची. दाढांची मुळे आणि अश्रुनलिका यांचा संबंध त्यात सर्वात स्पष्ट दिसतो. सोय जवळ असती तर तीच निवडणे योग्य होते. इथे त्यासाठी लांबचा प्रवास आणि दुसऱ्यांदा भूल लागणार होती, आणि त्यातून उपचार बदलण्याची शक्यता कमी होती.

चौथी वाट निवडली गेली. दोन दिवस प्रकृती सावरायची, मग भूल देऊन तपासणी, कवटीचे एक्स-रे आणि दातांचे काम एकाच बैठकीत करायचे.

दाढ उपटण्याचाही विषय निघाला आणि लगेच बाजूला ठेवला गेला. चिंचिलाची दाढ लांब आणि वाकडी, भोवतीचे हाड कागदासारखे, त्यामुळे जबडा मोडण्याची भीती मोठी. दाढ हलत असेल किंवा मुळाशी गळू झाले असेल तरच हा मार्ग उरतो.

केलेली कार्यवाही

सावरण्याचे दोन दिवस. त्वचेखाली कोमट द्रव, उबदार जागा, आणि ब्युप्रेनॉर्फिन व मेलॉक्सिकॅम ही वेदनाशामके. मेलॉक्सिकॅम पाणी दिल्यानंतरच सुरू केले, कारण कोरड्या पडलेल्या शरीरात ते मूत्रपिंडाला त्रास देते. त्याचा डोस पशुवैद्यांनी किलोला ०.५ मिलिग्रॅम धरला, म्हणजे या प्राण्यासाठी ०.२६ मिलिग्रॅम. इथे चूक होते ती बाटलीत. हेच औषध मिलिलिटरला ०.५ आणि १.५ मिलिग्रॅम अशा दोन तीव्रतांत मिळते. पहिल्यातून ०.५२ मिलिलिटर घ्यायचे, तर दुसऱ्यातून जेमतेम ०.१७. बाटल्यांची अदलाबदल झाली तर डोस तिप्पट जातो किंवा एक तृतीयांश. म्हणून चिठ्ठीवर मिलिलिटरसोबत तीव्रताही लिहून घेतली गेली.

सिरिंजने भरवणे. शाकाहारी प्राण्यांसाठीची तंतुमय पूड कोमट पाण्यात कालवून दिली. दिवसाला किलोमागे ५० ते ८० मिलिलिटर या हिशेबाने ५२६ ग्रॅमच्या प्राण्याला २६ ते ४२ मिलिलिटर होतात. लक्ष्य तीस ठेवले : पाच-पाच मिलिलिटर, सहा वेळा. एक मिलिलिटरच्या सिरिंजच्या टोकात तंतू अडकतात, म्हणून टोक कापून कड घासून गुळगुळीत केली. सिरिंज समोरून न घालता पटाशीचे दात आणि दाढा यांच्यामधल्या मोकळ्या जागेत बाजूने सरकवायची. एका वेळी ०.३ ते ०.५ मिलिलिटर, आणि गिळल्याचे दिसेपर्यंत पुढचे नाही. प्राण्याला उताणे धरायचे नाही. चिंचिला नाकानेच श्वास घेतो आणि त्याच्या घशाची वाट अरुंद असते, घाईने ढकललेला घास फुफ्फुसात जातो.

भूल. एकविसाव्या दिवशी वजन ५२९ होते. प्राण्याला उपाशी ठेवले नाही. चिंचिलाला उलटी होत नाही, आणि उपासाने आतडे आणखी थंडावते. त्याऐवजी भूल देण्याच्या वेळी तोंड ओल्या कापसाच्या काडीने स्वच्छ केले, कारण गालात साठलेला चोथा श्वासनलिकेत जाण्याचा धोका खरा असतो. वायूची भूल, खाली गरम गादी, डोळ्यांवर वंगणाचे थेंब.

तोंडात दिसले ते असे. डावीकडच्या खालच्या दुसऱ्या दाढेचा काटा जिभेकडे वाढून जिभेच्या कडेवर खड्डा पडला होता. वरच्या दाढांचे काटे गालाकडे होते आणि गालात लहान जखम होती. दोन दाढांमध्ये फट पडून तिथे लोकर आणि गवताचा कुजका चोथा रुतला होता. एक्स-रे दोन्ही बाजूंनी, तिरपे, वरून आणि समोरून असे घेतले. खालच्या जबड्याची कड दाढांच्या मुळांनी फुगून पातळ झाली होती. वरच्या दाढांची मुळे दोन्ही बाजूंना लांबली होती, आणि डावीकडची डोळ्याच्या खोबणीच्या तळापर्यंत पोहोचली होती. गळू कुठे नव्हते. डाव्या डोळ्याच्या पाण्याचे कारण आता समोर होते.

काटे आणि वाढलेले माथे कमी वेगाच्या सरळ हँडपीसवर (दातांच्या यंत्राच्या मुठीवर) बर, म्हणजे फिरणारे घासणीचे टोक, लावून घासले, जीभ आणि गाल पट्टीने बाजूला धरून. कात्रीसारख्या कटरने दात तोडले तर दात उभा चिरतो आणि दाताच्या आतला मगज (मऊ, जिवंत गाभा) उघडा पडतो. नखे कापायच्या कटरने घरी पटाशीचे दात कापण्याचा सल्ला अजून दिला जातो, तो याच कारणाने धोक्याचा आहे. घासणे थोडे-थोडे, मध्ये थांबून, नाहीतर उष्णतेने मगज मरतो. चिंचिलाची दाढ मुळात हिरडीच्या थोडीशीच वर असते, ही मर्यादा ओलांडली तर चावायला पृष्ठभागच उरत नाही. एकूण पस्तीस मिनिटे लागली.

अश्रुनलिका धुण्याचा विचार झाला, पण ते केले नाही. चिंचिलात तिचे तोंड अतिशय बारीक असते. शिवाय इथे अडथळा नळीच्या आत साठलेल्या मळाचा नव्हता. हाडाकडून मूळ तिला दाबत होते, आणि पाणी मारून मूळ मागे सरत नाही.

घरची शुश्रूषा

भावाला पूर्ण दूर केले नाही. पिंजऱ्यातच मध्ये जाळी बसवली. वास आणि आवाज राहिले, भांडी वेगळी झाली. आठवडाभर वेगळ्या खोलीत ठेवून परत आणले तर सख्खे भाऊही एकमेकांना फाडू शकतात.

डोळ्याखालची लोकर दिवसातून दोनदा सलाइनने भिजवलेल्या गॉजने पुसून लगेच कोरडी केली जाई. कापसाचे धागे डोळ्यात राहतात, म्हणून गॉज. पुसण्यापेक्षा कोरडे करणे जास्त महत्त्वाचे ठरले, कारण तिसऱ्या आठवड्यात एकदा टाळाटाळ झाली आणि ओलीखालची कातडी लाल होऊन सोलली. मलमाऐवजी थेंबच वापरले. मलम लोकरीत पसरते, धूळ धरते आणि अंग चाटताना पोटात जाते. धूळस्नान व्रण भरल्यावर आठवड्यातून दोनदा, दहा मिनिटांसाठी परत सुरू केले आणि भांडे लगेच बाहेर काढले जाई.

वजन चोविसाव्या दिवशी ५१८ पर्यंत उतरले. काम झाल्यावर लगेच खाऊ लागेल अशी पालकांची अपेक्षा होती, त्यामुळे हे तीन दिवस त्यांना फार जड गेले. तोंड दुखत असते, आणि महिनाभर चुकीच्या पद्धतीने चावणारा जबडा एका रात्रीत वळणावर येत नाही. पंचविसाव्या दिवशी त्याने गवताची पाती स्वतःहून चघळली. पस्तिसाव्या दिवशी वजन ५४१ झाले, साठाव्या दिवशी ५५८. सिरिंज एकदम बंद न करता सलग पाच दिवस वजन टिकल्यावर एकेक फेरी कमी केली.

परिणाम

काटे घासल्याने जीभ आणि गाल बरे झाले, खाणे परत आले. डोळा मात्र कोरडा झाला नाही. पालकांना हे आधीच स्पष्ट सांगितले होते आणि ते बरे झाले. हाडात शिरलेले मूळ परत खाली आणता येत नाही. दातांचे काम तोंडातली वेदना थांबवते, रोग बरा करत नाही.

साठाव्या दिवसानंतर वजन परत घसरू लागले आणि ऐंशीव्या दिवशी ५४१ वर आले. त्याच दिवशी दुसऱ्यांदा दाढा घासल्या. या वेळी पेलेट टाकणे किंवा लाळ गळणे सुरू होण्याआधीच काम झाले, त्यामुळे सावरायला दोनच दिवस लागले. नंतरच्या बैठका आठ, सात आणि सहा आठवड्यांच्या अंतराने झाल्या. दहाव्या महिन्यात उजवा डोळाही पाझरू लागला.

अंतर कमी होत चालले तेव्हा पालक आणि पशुवैद्य यांनी एका कागदावर तीन गोष्टी लिहिल्या. दोन बैठकांमधले अंतर चार आठवड्यांहून कमी झाले, किंवा काम झाल्यावर आठवडाभरात स्वतःहून खाणे सुरू झाले नाही, किंवा डोळा पुढे येऊ लागला, तर पुढची बैठक घ्यायची नाही. हा कागद प्राणी बऱ्या अवस्थेत असताना लिहिला गेला होता. तेराव्या महिन्यात डावा डोळा किंचित पुढे आलेला दिसला आणि एक्स-रेत मूळ खोबणीच्या हाडातून आरपार गेलेले होते. त्या दिवशी भूल देऊन त्याला वेदनेविना निरोप देण्यात आला. शेवटचे वजन ५१२ होते, म्हणजे तो अखेरपर्यंत खात होता.

वेगळे काय करता आले असते

आठव्या दिवशी एक्स-रे झाला असता तर तेरा दिवस वाचले असते. त्याने मुळे परत गेली नसती, पण जिभेवरचा खड्डा इतका खोल झाला नसता आणि भूल ५२९ ऐवजी ५५० च्या वजनावर देता आली असती.

त्याहून मोठा फरक वर्षभरापूर्वी पडला असता. तपासणी ६१० ग्रॅमवर थांबली नसती, पालकांना घरी मासिक वजन लिहायला सांगितले असते, तर पहिली घसरण ५९० च्या आसपास कळली असती. यानंतर या घरात ठरलेला नियम असा : स्वतःच्या नेहमीच्या वजनातून पाच टक्के कमी, किंवा सलग तीन दिवस घसरण, झाली की दवाखाना. डोळा ओला असो वा नसो.

आहाराबद्दल सावध बोलावे लागेल. गवत कमी आणि पेलेट जास्त हे दाढा वाढण्याचे मोठे कारण मानले जाते, पण उत्तम गवत खाणाऱ्या चिंचिलातही हा रोग दिसतो आणि आनुवंशिकतेचा संशय कायम आहे. म्हणून सगळा दोष पालकांच्या भांड्यावर टाकणे बरोबर नाही. मनुके मात्र कोणत्याही हिशेबात बसत नव्हते.

भावाचे काय, हा प्रश्न दुसऱ्या पशुवैद्यांनी पहिल्याच भेटीत विचारला होता. त्याचाही कवटीचा एक्स-रे काढला. वजन स्थिर, डोळे कोरडे, लाळ नाही, आणि तरी खालच्या डाव्या दाढांची मुळे थोडी लांबलेली निघाली. त्याची पेलेट दिवसाला एका सपाट मोठ्या चमच्यावर आणली, गवत रोज ताजे घातले जाते आणि जाड काड्या संपल्याशिवाय पेलेट मिळत नाही. त्याची जोडी लावून पिल्ले घेण्याचा विचार पालकांनी सोडून दिला. दर रविवारी तो स्वतःहून डब्यात शिरतो. वहीतली शेवटची नोंद ५८८ आहे, आणि पुढचा एक्स-रे सहा महिन्यांनी ठरलेला आहे.